पंप मी मुद्दाम तोच निवडला

माझा स्वभाव खुनशी आहे. लोकांचा राग वेळ गेली की जातो, माझा मुरतो. पप्पा नेमके उलटे. उभी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर लोकांची बोलणी ऐकण्यात गेली, पण घरी येऊन कधी कुणाला साधी शिवी दिली नाही. त्यामुळे त्यांच्या वाटणीचा रागही मलाच धरावा लागतो.

आमची सोसायटी कोपरला, स्टेशनपासून चालत जाण्याजोगी. जुनी असल्यामुळे बिल्डरने तेव्हा मागे जरा जागा सोडलेली. तिथे बाग आहे आणि बागेत एक तळं. तळं म्हणजे काय, दोन रिक्षा शेजारी शेजारी लावल्या तर भरून जाईल एवढं, पाणी गुडघ्याच्या जरा वर. मधोमध दगडांचा ढीग, त्यावरून पाणी झुळझुळ खाली येतं. ते पाणी वर चढवणारा पंप त्या दगडांच्या तळाशी, पाण्यातच बसवलेला. काठावरून हात पोचत नाही. पंपाला काहीही करायचं असेल तर तळ्यात उतरावंच लागतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं.

निवृत्त झाल्यावर पप्पांनी ते तळं आपणहून अंगावर घेतलं. त्याआधी त्यात वेफर्सची रिकामी पाकिटं तरंगायची. पप्पांनी कमळाचे कंद लावले, डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी मासे सोडले. दर रविवारी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरायचे आणि पंपाची जाळी साफ करायचे. मी लग्न केलेलं नाही. मम्मी गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, आणि मी दिवसभर माजिवड्याला ऑफिसात. तळं नसतं तर त्या वर्षी पप्पांचं काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

सोसायटीतल्या सात-आठ घरांचे शाडूचे छोटे गणपती याच तळ्यात विसर्जन करायची पद्धत पडलेली. खाडीपर्यंत जायची दगदग नको, वर पर्यावरणाचं पुण्य. पण शाडूची माती पंपात गेली की पंप संपला. म्हणून पप्पा आरतीच्या आधी पाण्यात उतरायचे, पंप काढून बाहेर ठेवायचे, मासे टबात घ्यायचे, आणि नंतर माती खाली बसली की तीही उपसायचे. आम्ही बौद्ध. सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे गणपती बसत नाही, पण लोकांच्या गणपतीसाठी पप्पा दरवर्षी पाण्यात. मी चिडायचे, म्हणायचे, "तुम्हाला कुणी सांगितलंय?" तर म्हणायचे, "अगं, मासे मरतात."

मग सेक्रेटरी बदलला. नवा पन्नाशीचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आणि बोलायला इतका गोड की भांडायला त्याला कुठे पकडावं तेच कळायचं नाही. दीड दिवसाच्या विसर्जनाला सगळे पाट घेऊन खाली आलेले. पप्पांनी नेहमीसारखी पॅन्ट दुमडली, एक पाय पाण्यात टाकला. तेवढ्यात हा चांगला मोठ्याने म्हणाला, "काका, राहू दे. आज तुम्ही नका उतरू. बाप्पाचं पाणी आहे ना आज. आमच्यातलं कुणीतरी उतरेल."

अगदी हसून म्हणाला. मी तिथेच उभी होते. सगळी बिल्डिंग तिथे होती आणि सगळे मूग गिळून बसले. ज्यांच्याकडून आमच्या घरी दिवाळीचा फराळ येतो ती माणसं, बरं का. एक बाई तर आरतीच्या ताटातला कापूर नीट करायला लागली. पप्पांनी पाय बाहेर काढला, ओल्या पायात चपला घातल्या आणि वर निघून आले. मला म्हणाले, "बरं झालं. पाणी गारच होतं." त्यावर मी रडले, ते नाही.

आणि गंमत बघा, त्यांच्यातलं कुणी उतरलंच नाही. कुणाचा झब्बा नवा, कुणाचा गुडघा दुखतोय. पंप तसाच चालू राहिला, गणपती बुडाले, माती पंपात गेली आणि दुसऱ्या दिवशी पंप जळाला. मासे मरून उताणे तरंगले. इथपर्यंत मी कदाचित सोडूनही दिलं असतं. नाही, सोडलं नसतंच. पण पुढच्या सभेत यानं काय सांगावं, तर काकांनी स्वस्तातला लोकल पंप आणलेला, म्हणून जळाला. पप्पा सभेत बसलेले होते. त्यानंतर बागेत गेले नाहीत. फाटकाकडे जायला बागेतली वाट जवळची, तरी पार्किंगमधून वळसा घालून जायचे. त्यांना तसं वळसा घालताना बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी ठरवलं, याला याच पाण्यात उतरवायचं. स्वतःच्या पायांनी, चिखलात, सगळ्यांच्या देखत.

संधी त्यानंच आणून दिली. ओळखीतून त्यानं एक भलामोठा पंप आणला, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला लावतात तसला, सोबत रंगीत दिवे. एवढ्याशा तळ्यातून असा फवारा उडायचा की पहिल्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले. विजेचं बिल आलं तेव्हा सभेत बोंबाबोंब झाली. अर्ध्या लोकांचं म्हणणं, तळं बुजवा, तेवढ्या जागेत गाड्या तरी लागतील. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "बुजवू नका. कमी खर्चात चालणारा पंप मी शोधून देते." सेक्रेटरीलाही मान सोडवून घ्यायची होती. "वा ताई, उत्तम," म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शनिवारी सुट्टी असली की मी कल्याणच्या बाजारात पंपांची दुकानं पालथी घालायचे. शिकले बरंच. आपल्याला वाटतं, मोठा पंप म्हणजे चांगला पंप. तळ्याला ताकद लागतच नाही. पाणी नुसतं फिरत राहिलं पाहिजे, दोनेक तासांत तळ्यातलं सगळं पाणी एकदा पंपातून गेलं म्हणजे पुष्कळ. आमचा दगडांचा ढीग कमरेएवढा, तेवढंच चढवायचं. खोक्यावर मोठा आकडा छापलेला असतो, तो उंची शून्य धरून. पाणी जितकं वर न्यावं तितकं कमी येतं. म्हणून आपल्या उंचीला पंप किती पाणी देतो ते विचारायचं. आणि खरा खड्डा पंपाच्या किमतीत नसतो, विजेत असतो, कारण तो दिवसरात्र चालतो.

शेवटी दोन पंप उरले. वीज दोघांनाही सारखीच, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. पहिला महाग. त्याला रुंद भोकांचा पिंजरा, बारीकसारीक गाळ पोटातून आरपार जाऊ देणारा, महिना-दोन महिने बघायला नको. दुसरा निम्म्याहून स्वस्त, पण त्याच्या तोंडाला स्पंज. तो दर आठवड्याला काढून धुवायचा, नाहीतर पंप गुदमरतो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, सोसायटीसाठी पहिलाच न्या. दुसऱ्यासाठी दर आठवड्याला पाण्यात उतरणार कोण?"

मी म्हटलं, "आहे एक जण."

सभेत मी दोन्ही पंप मांडले. काहीही लपवलं नाही. किंमत सांगितली, वीज सांगितली, स्पंजाचं सांगितलं. पण मला माझी माणसं ठाऊक आहेत. किंमत ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतंय? स्वस्तातला, स्वस्तातला, एकच गजर. मग मी विचारलं, "पण दर रविवारी उतरून साफ कोण करणार?"

"अहो ताई, त्यात काय एवढं," सेक्रेटरी म्हणाला. "ती जबाबदारी माझी. मी बघतो." त्याच्या मनात सोसायटीचा माळी होता, हे मला दिसत होतं.

"सगळ्यांनी ऐकलंय हं," मी म्हटलं.

"हो हो, ऐकू दे की."

पंप बसला. मी गप्पी मासे आणून सोडले. माळ्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की पाण्यात उतरणं त्याच्या ठरलेल्या कामात नाही. सफाईवाला एकदा उतरला, पायात काहीतरी रुतलं, पुन्हा आला नाही. झुळझुळ थांबली. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "तळ्याचं पाणी बंद आहे. सेक्रेटरीसाहेबांनी जबाबदारी घेतलेली आहे, ते बघतीलच." खाली हात जोडलेले. पटापट लोकांचे अंगठे आले.

रविवारी सकाळी साहेब हाफ पॅन्टमध्ये तळ्यात. मी गॅलरीत खुर्ची टाकली, चहा आणि खारी घेतली. पहिलं पाऊल चिखलात गेलं तशी त्यानं "आई गं" केलं, ते मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं. इतका चविष्ट चहा मी जन्मात प्यायलेले नाही. पुढे प्रत्येक रविवारी तेच. आठवडाभर ऑफिसात मरमर करायची आणि रविवारची वाट बघायची. वरून सूचनाही द्यायचे, "साहेब, डावीकडे शेवाळ राहिलं." तो वर बघून हसायचा. काय करणार बिचारा. बिचारा कसला!

पप्पांना हाक मारायचे, "या ना, बघा तरी." ते पेपरमधून मान वर करायचे नाहीत. मग एका रविवारी पेपरच्या आडून म्हणाले, "तो स्पंज साबणाने धुतोय. तळ्याच्याच पाण्यात धुवायचा असतो. मासे मरतील." म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते तर.

"मग जाऊन सांगा ना त्याला," मी म्हटलं.

"मला कुणी विचारलंय?" पप्पा म्हणाले आणि पेपर घडी करून ठेवला. त्यांच्या तोंडून असा सूर मी पहिल्यांदाच ऐकला.

गणपती बसले त्या संध्याकाळी सेक्रेटरी आमच्या दारात. चपला बाहेर काढून आत आला. म्हणाला, "काका, उद्या विसर्जन. पंप काढायचा, मासे काढायचे, मला एकट्याला ते जमायचं नाही. गेल्या वर्षीसारखं व्हायला नको. तुम्हीच या."

"का हो, तुमच्यातलं कुणी मिळालं नाही?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "ताई, तेव्हा मला तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

मी चहा विचारलेला नव्हता, त्यामुळे त्याला कपात बघत बसायचीही सोय नव्हती. मी त्याला तसाच उभा ठेवणार होते, पण पप्पाच बोलले. "येतो मी. पण उतरायचं तुम्ही. मी काठावरून सांगेन."

तो गेल्यावर मी पप्पांवर उखडले. एवढे महिने मी त्याला चिखलात लोळवला, आणि तुम्ही साधी माफीसुद्धा मागून घेतली नाहीत? पप्पा म्हणाले, "मागून घेतलेल्या माफीचं काय लोणचं घालायचंय?"

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून खाली उतरले. पाट घेऊन सगळे जमलेले. सेक्रेटरी पाण्यात, पप्पा काठावर. "आधी बटण बंद. वायरीला धरून ओढू नका, पंपाला खालून हात घाला. मासे कोपऱ्यात येतील, घाई करू नका." पप्पा सांगतील तसं तो करत होता. मासे टबात आले, पंप काठावर आला. वर चढताना शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि त्यानं समोर हात पुढे केला. समोर पप्पाच होते.

पप्पांनी हात दिला नाही. "चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"माझा हात. आजच्या दिवशी चालेल ना?"

मागून कुणीतरी "अहो काका, काय हे" म्हणालं. पप्पांनी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "मी यांना विचारतोय."

तो तसाच पाण्यात उभा, चिखलाचा हात पुढे. "चालेल, काका," तो हळूच म्हणाला.

"मोठ्याने सांगा. गेल्या वर्षी मोठ्याने सांगितलं होतं."

"चालेल."

पप्पांनी त्याला हात दिला आणि ओढून काठावर घेतलं. मग उकिडवे बसले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दोन्ही हात त्या पाण्यात चांगले खोल घालून सावकाश धुतले. आधी तळवे, मग बोटं, मग मनगटं. पाट धरून माणसं थांबून होती. पप्पा उठले, खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि म्हणाले, "हं. आणा आता गणपती."