माझी झोप आणि साडूची झोप

माझ्या साडूला बसल्या जागी झोप लागते. या एका गोष्टीवरून मी त्या माणसावर जितका जळलो, तितका कुणाच्या बंगल्यावर किंवा गाडीवर कधी जळलो नाही. तो झोपला की श्वासाचासुद्धा आवाज येत नाही आणि त्याची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, त्याच्या शेजारी सुखानं झोपते. माझी बायको मात्र माझ्या घोरण्याला कंटाळून गादी उचलून बाजूच्या खोलीत गेली होती. नांदेडच्या आमच्या घरात मधे एक भिंत काय ती, पण मला ती खोली परक्या मुलखातली वाटायची. ती परत यावी, एवढंच मला हवं होतं.

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघं जावई सासुरवाडीला, शिरूर अनंतपाळला गेलो. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. हाणून जेवलो आणि दोघंही ओसरीवर आडवे झालो. जागा झालो तर बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बायकोनं मोबाइलवर माझं घोरणं टिपलं होतं आणि सगळ्यांना ऐकवून राहिली होती. "बघा, मधीच बंद पडतंय, मग एकदम घर्रर्र करून उठतंय!" सासूबाई साडूकडं बघून म्हणाल्या, "थोरले जावई बघा, कसे लेकरावानी झोपलेत." लेकरावानी! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

उठल्यावर साडूनंही ते ऐकलं, पण तो हसला नाही. श्वास मधेच बंद पडतोय म्हणून त्यानं लगेच लातूरच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला आणि माझ्या झोपेची तपासणी ठरवून टाकली. उपकार करणाऱ्यावर जळणं लई अवघड असतं. मला जमलं.

तपासणीच्या दिवशी निघायच्या आधी बायकोनं मला पाटावर बसवलं आणि वाटीभर खोबरेल डोक्यात जिरवलं. "दवाखान्यात तरी चांगलं झोपा," म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा हात माझ्या डोक्यावरून फिरत होता. लातूरला तारा चिकटवणाऱ्या बाईंनी माझ्या केसांना बोट लावलं आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, तेल लावून येऊ नका म्हणून सांगितलं होतं न! मेंदूतलं कसं टिपायचं आता? एक तार चिकटायची न्हाई." सांगितलं होतं खरं. पण तेलाशिवाय झोप येते, यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही. मग न्हाणीत शाम्पूनं डोकं धुणं आलं. पाणी कोण ओतत होतं? सोबतीला आलेला साडू. डोक्याला, छातीला तारा लावून घेऊन मी दारातून डोकावलो, तर बाहेर स्ट्रेचर खडखडतंय, कुणाचं तरी पोरगं भोकाड पसरून रडतंय आणि हा पठ्ठ्या बाकड्यावर बसल्या बसल्या गाढ! तपासणी माझी अन् झोप याची!

सकाळी डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं दाखवली. पहिलं एका निरोगी माणसाचं. गाढ झोपेत मेंदूच्या लाटा मोठ्या आणि संथ होतात म्हणे, आणि त्याच्या तशाच होत्या, एकामागून एक, निवांत. दुसरं माझं. कोंबडीनं उकरलेलं अंगण! "झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास अडकतो. मग मेंदू दचकून तुम्हाला उठवतो. लाट जरा मोठी व्हायला लागली, की लगेच मोडते. रात्रभर हेच चाललंय, अन् सकाळी तुम्हाला काही आठवत नाही," डॉक्टर म्हणाले. मी त्या निरोगी माणसाच्या लाटांकडंच बघत होतो. कोण कुठला, नाव नाही, गाव नाही, पण मला त्याचा असा राग आला! मनात म्हणलं, हा साडूच असणार.

मग मास्क आला. नाकावर बसवायचा, मशीन रात्रभर हवा सोडत राहतं. आधी जीव गुदमरला, मग सवय झाली. घोरणं बंद पडलं. दिवसा खुर्चीत पेंगायचं थांबलं, डोकं हलकं झालं. एका सकाळी मी ताठ मानेनं बाजूच्या खोलीत गेलो. बायको पांघरुणाची घडी घालत होती.

"ऐकू येतं का काही आता भिंतीतून?"

"न्हाई हो. बरं झालं बाई. जीव नुसता टांगणीला लागला होता माझा." तिचे डोळे भरून आले.

"मग आज आण गादी आपल्या खोलीत."

ती घडीवरून हात फिरवत राहिली. "रागवू नका. पण हितं मला लई छान झोप लागून राहिली. लग्नापासून एवढी कधी लागली न्हाई. राहू द्या न हितंच."

चेहरा टवटवीत दिसत होता तिचा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कधी गेली, मला कळलंच नव्हतं. "राहा," म्हणालो. माझ्याशिवाय लागणाऱ्या तिच्या त्या झोपेवर मी असा जळलो, की साडूवर एवढी वर्षं जळलो ते काहीच नव्हतं.