जैनबआपांबरोबर एका खोलीत

मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघालेल्या गटातून जैनबआपांचे नाव गेल्या वर्षी रमजानच्या आधी, निघायला आठवडा उरला असताना काढण्यात आले. त्यांचा व्हिसा आला होता, सामान बांधून झाले होते. मक्केत चौघींना मिळून एक खोली ठरली होती. उरलेल्या तिघींनी त्यांच्याबरोबर त्या खोलीत झोपायला नकार दिला. तिघीही सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्याच. तिघींच्याही घरातल्या वारलेल्या बायकांना शेवटची आंघोळ जैनबआपांनी घातली होती. नकाराचे कारण तेच होते.

दफनाआधीच्या या आंघोळीला गुसल म्हणतात. बाई वारली तर तो घरातल्या बायकांनी द्यावा, अशी शिकवण आहे. पेठेतल्या घरांत बायका घाबरत, म्हणून आपांना बोलावणे जाई. याचे त्या काही घेत नसत. त्यांचे पोट टॉवेलच्या कडा शिवण्यावर चाले. कारखान्यातून गठ्ठे घरी येत आणि मशीन दिवसभर खडखडत असे. लग्न होऊन त्या मोहोळजवळच्या खेड्यातून सोलापुरात आल्या, पण पेठेतली दखनी उर्दू त्यांच्या तोंडात कधी बसली नाही. त्या मराठीच बोलत. पेठेतल्या बायका त्यावरूनही हसत.

माझी आई गेली तेव्हा चादर धरायला मी आत होते. आपांनी बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि बादली परत पाठवली. "गार पानी घाला अजून. जित्तेपनी तिला जेवढं सोसत हुतं तेवढंच कोमट पायजे." मग त्या आईला एकेक गोष्ट सांगत गेल्या. "आता डाव्या कुशीवर घेते हां, भाभी. झालंच. केस शेवटाला." हाताला कापडी पिशवी बांधून त्या चादरीखाली हात फिरवत होत्या आणि नजर भिंतीकडे होती. माझ्या हातून चादर जराशी घसरली. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वर धर. तुजी आई हाय, तमाशा न्हाय."

त्या दिवशी दारात एका शेजारणीने त्यांना बाजूला घेऊन विचारले, "आपा, बदन पे निशान थे बोलते, सच्ची?" आपा गटारीत थुंकल्या. "मला झाकायला बोलवत्यात. उघडं करायला दुसरी बघा." हा प्रश्न त्यांना जवळजवळ प्रत्येक घरी विचारला जाई आणि उत्तर प्रत्येक वेळी हेच असे.

पेठेत निदान तीन घरांत त्यांचा कप वेगळा ठेवलेला होता. खोलीतल्या त्या तिघींपैकी रुखसानाच्या घरी तो मोरीच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी असे. रुखसानाच्या नवऱ्याचे चादरींचे दुकान आहे आणि घरात भांड्यांची कमतरता नाही. आपा त्या कपातून चहा पीत आणि बाहेर आल्यावर म्हणत, "माझ्या एकटीच्या नावाचं भांडं हाय तिच्याकडं. तिच्या नवऱ्याचं बी न्हाय."

उमऱ्याचा खर्च त्यांच्या मुलाने केला. तो मोहोळला ट्रकच्या गॅरेजमध्ये आहे. गट सलीमसरांनी जमवला होता. ते निवृत्त शिक्षक, दरवर्षी पेठेतल्या लोकांना घेऊन जातात. बायकांचे शिकवणीवर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरत. मधोमध काबा म्हणून काळे कापड घातलेले टेबल ठेवून त्याभोवती सात फेऱ्यांचा सराव होई. आपा तो घरी मशीनभोवती पुन्हा करत. एकदा मी दारात उभी राहून पाहत होते. "हसू नको. तितं गर्दीत चुकले तर कोन सांगनार? हितं मशीन तरी जागा सोडत न्हाय." पांढरा पोशाख त्यांनी स्वतः शिवला. नव्या चपला पायात बसाव्यात म्हणून सकाळी तलावापर्यंत चालत जाऊन येत.

खाण्याचे काय काय न्यायचे, ते एका वर्गात ठरले. रुखसानाकडे शेंगाची चटणी आली. फरीदा आणि तिची जाऊ या उरलेल्या दोघींकडे कडक भाकरी आणि लोणचे आले. आपांनी विचारले, माझ्याकडे काय? फरीदा म्हणाली, "आपा, आप सिर्फ दुआ करो." आपांनी परत आल्यावर मला ही हकीगत सांगितली आणि म्हणाल्या, "खेड्यातली बाई मी, भाकरी कडक करायला मला शिकवावं लागत न्हाय. माझ्या हातची दुआ चालते, भाकरी चालत न्हाय."

पुढच्या आठवड्यात सलीमसर त्यांच्याकडे आले. ते बसले, पण पाणी नको म्हणाले. "आपा, ऊपरवाल्याचं बोलावणं आल्याशिवाय कुणी जात नाही. तुमचं पुढच्या खेपेला येईल."

"बोलावनं त्याचं," आपा म्हणाल्या, "आन् नाव काढनारे तुमी व्हय?"

सरांनी खोल्यांची अडचण सांगितली. बायकांना रात्री भीती वाटते, असे ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या आईचा गुसलही आपांनीच दिला होता. तो विषय त्यांनी काढला नाही. आपांनीही काढला नाही.

पहिल्यांदा मक्केला जाणारा माणूस निघण्याआधी घरोघर जाऊन माफी मागतो. ज्याचे मन दुखावले त्याने माफ केले नाही, तर ते अल्लाही माफ करत नाही, असे मानतात. रुखसाना हातात मिठाईचा बॉक्स घेऊन पेठभर फिरली. आपांच्या दारात आली तेव्हा मी तिथे होते. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आपा, कहा-सुना माफ करो."

"काय केलंस ते सांग, मग करते."

"कुछ नै आपा, रिवाज है. सबके घर जा रई मैं."

"मग रिवाजाला माफ केलं," आपांनी मशीन चालू केले. "तुला न्हाय."

रुखसानाने बॉक्स पायरीवर ठेवला आणि ती पुढच्या घरी गेली. थोड्या वेळाने त्याला मुंग्या लागल्या आणि आपांनी तो उचलून कचऱ्यात टाकला.

गट निघायला दोन दिवस असताना सकाळी रुखसानाची सासू वारली. आपांना बोलावणे आले. त्या लगेच गेल्या. आत काय झाले ते रुखसानाने नंतर स्वतः सांगितले आणि पाणी देणाऱ्या तिच्या नणंदेने त्याला दुजोरा दिला.

आपांनी कापडी पिशवी स्वतःच्या हाताला बांधली नाही, रुखसानाच्या हाताला बांधली. रुखसाना म्हणाली, मला जमणार नाही. आपा म्हणाल्या, "मी हाय की. सांगते तसं कर." सासू बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती आणि पाठीला जखमा झाल्या होत्या. जखमांना वास येत होता. रुखसानाने हात मागे घेतला, तसा आपांनी तो मनगटाशी धरला.

"किळस येते?"

"हौ, आपा."

"येऊ दे. हात काढू नको. तिला सांग काय करतीस ते."

रुखसानाने सासूला सांगितले. कापूर घातलेले शेवटचे पाणी होईपर्यंत ती सांगत राहिली. कफन बांधून झाल्यावर, मय्यत बाहेर नेण्याआधी, ती आपांना म्हणाली, "आपके साथ सोना नको बोल के मैंच सर को बोली. फरीदा बाद में बोली. पैले मैं."

आपा म्हणाल्या, "आता केलं माफ."

त्याच दिवशी रुखसानाने सलीमसरांना फोन करून आपांना परत घ्यायला सांगितले. सरांनी फरीदाला विचारले. फरीदा आणि तिची जाऊ नाहीच म्हणाल्या. नुकतीच मय्यत करून आलेली बाई तर मुळीच नको, असे त्यांचे म्हणणे होते. घरातल्या दुःखामुळे रुखसानाने स्वतःचे जाणे रद्द केले. गट ठरल्या दिवशी निघाला. चौघींच्या खोलीत फरीदा आणि तिची जाऊ दोघीच राहिल्या.

परत आल्यावर त्यांनी पेठेत खजूर आणि मक्केतल्या जमजम विहिरीचे पवित्र पाणी वाटले. आपांकडे बाटली शेजाऱ्यांच्या हाती पाठवली.

आपा बकरी ईदनंतर बार्शीच्या एका गटाबरोबर उमऱ्याला गेल्या. व्हिसा पुन्हा काढावा लागला. काय काम करता, हे बार्शीच्या बायकांनी प्रवासातच विचारले आणि त्यांनी सांगितले. खोली बदलून कुणी मागितली नाही. परतल्यावर त्या मुलाकडे मोहोळला राहायला गेल्या आणि मशीनही घेऊन गेल्या. निरोपाला आलेल्यांत रुखसाना होती. सलीमसर नव्हते.

या हिवाळ्यात फरीदाची आई वारली. फरीदाने मोहोळला गाडी पाठवली. ड्रायव्हरने सांगितले की गाडीच्या मागच्या सीटवर नवे प्लॅस्टिक अंथरलेले होते आणि ते फरीदाच्या घरूनच अंथरून दिले होते. आपांनी दार उघडून ते पाहिले. प्लॅस्टिकची घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर बसल्या. वाटेत त्यांनी एवढेच विचारले, की पाणी तापायला ठेवले आहे का.

गुसल त्यांनीच दिला. दफन दुपारच्या नमाजनंतर झाले.