कुसुमताईंच्या भिंतीवरचं माहेर

बुलढाण्यात आमच्या गल्लीतल्या चौघी जमल्या की विषय भाजीवरून निघतो नि कुसुमताईंच्या भिंतीवर येऊन थांबतो. एकीनं एक सांगितलं की दुसरीला दुसरं आठवतं. मीही सोमवारची कहाणी वाचून झाली की यातच रमते.

ताईंचं माहेर जळगाव जामोदकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी. गाव धरणात गेलं. तेव्हापासून त्या बैठकीच्या भिंतीवर गेरू-चुन्यानं ते गाव काढताहेत. फक्त स्वतःच्या घराची जागा कोरी. म्हणतात, "निघताना उंबऱ्याची ओटी भरायची राह्यली वो. त्याच्याबिगर हात चालत नाही."

*

नागपंचमीला मी त्यांना पाटावर नाग काढायला बोलावलं. माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं.

"काऊन वो कुसुम, याले फणा कुठी हाय? हे तं नदी दिसून राह्यली."

"काकू, मी नागच काढत होती."

संध्याकाळी नैवेद्याच्या दुधाची वाटी उचलली, तर तळाशी बारीक रेती.

*

महालक्ष्म्यांच्या जेवणाला ताईंकडं त्यांच्याच माहेरगावची एक सवाष्ण आली. भिंतीपुढं जरा वेळ उभी राहिली नि मग पायपुसण्यावर पाय घासायला लागली.

"काय झालं वो?" ताईंनी विचारलं.

"काई नाई. इथून विहिरीवर जायची पांदण होती. लय चिखल राहे."

ती जेवून गेली. पायपुसणं ओलं होतं.

*

मुलाच्या लग्नाआधी ताईंच्या मिस्टरांनी भिंतीला रंग द्यायचं ठरवलं. रंगारी रशीदभाईंनी ब्रश भिजवला, भिंतीला कान लावला नि मागं सरले.

"भाऊ, मी नाही रंगवत. अंदर कोणीतरी मोट हाकून राह्यलं."

"मंग त्याले म्हणा, दोन दिवस सुट्टी घे," मिस्टर म्हणाले.

रशीदभाई हसले नाहीत. डबा उचलून गेले.

*

यंदाच्या उन्हाळ्यात धरण पार आटलं. ताईंना तो उंबरा एकदा दिसावा म्हणून मी सोळा सोमवार धरले होते, त्यामुळं त्यांनी जीपमध्ये मलाही बसवलं. घराच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, पण उंबऱ्याचा दगड चिखलात सापडला. ताईंनी हळद-कुंकू वाहिलं, हळदीच्या ओल्या तांदळानं ओटी भरली, डोकं टेकलं. म्हणाल्या, "येते मी."

परत आलो तर मिस्टर दारातच उभे.

"तुम्ही गेल्यापासून कुलूप होतं. मी आताच उघडलं. पाहा बरं."

भिंतीवरच्या कोऱ्या जागी हळदीचे ओले तांदूळ चिकटले होते. ओंजळभर तरी असतील.

ताईंनी गेरूत बोट बुडवलं नि तांदळांभोवती दाराची चौकट ओढली.