सरोदे सरांचा सुईचा कॉम्प्युटर

डॉक्टरकीत किस्से साठतात ते औषधांच्या फुकट सॅम्पलसारखे. कोणी मागत नाही, टाकून देववत नाही, आणि ड्रॉवर ओढला की गडगडत पुढे येतात. माझ्याकडचे बरेचसे सरोदे सरांचे आहेत.

सत्तरच्या दशकात मी जळगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात नुकतीच लागले होते. आमचे फिजिशियन सरोदे सर विलायतेत कॉम्प्युटर बघून आले होते. लक्षणं सांगितली की तो आजार सांगायचा म्हणे. जळगावात कॉम्प्युटर कुठला? सरांनी कार्डं केली. एका आजाराला एक कार्ड, कडेला भोकांची रांग, एक भोक म्हणजे एक लक्षण. आजारात ते लक्षण असेल तर भोक कडेपर्यंत कापलेलं. गठ्ठ्यात सुई घालून हलवला की तेवढीच कार्डं खाली पडत. ती उचलून पुढच्या लक्षणाला परत सुई. शेवटी उरेल तो आजार.

सुई वहिनींची, स्वेटर विणायची. जळगावच्या उन्हात स्वेटर कोण विणतं, असं मी विचारलं. सर म्हणाले, "म्हणून तर सुई रिकामी आहे."

*

धुळ्याकडच्या खेड्यातली एक आजी पोट धरून आली. सरांनी विचारलं, कुठे दुखतं? वर, खाली, डावीकडे, उजवीकडे?

"बठ्ठं दुखस, भाऊ."

'बठ्ठं' म्हणजे सगळंच, आणि त्याचं भोक कार्डांवर नव्हतं. सरांनी फिरवून फिरवून चारदा तेच विचारलं. आजी शेवटी म्हणाली, "डॉक्टर तू शे का मी शे?"

आमचे सर्जन खैरनार नाना आठवडाभर हेच सांगत फिरले. पोटाला हात लावायचा सोडून हा पत्ते पिसतो, असं त्यांचं मत होतं.

*

पाचोऱ्याच्या एका कापड दुकानदाराची दोन कार्डं उरली, पित्ताचा खडा आणि अल्सर. सर प्रामाणिक माणूस. दोन्हीपैकी काहीही असेल, पण खड्याची शक्यता शंभरात साठ, असं त्यांनी सांगून टाकलं.

शेटजींनी खुर्ची पुढे ओढली. "आपण घरची माणसं डॉक्टरसाहेब. साठाचे नव्वद करा."

*

आणि मग एका दुपारी सरांचंच पोट दुखायला लागलं.

घामाघूम होऊन ते टेबलावर आडवे झाले आणि मला म्हणाले, सुई घाला. ते लक्षणं सांगत गेले, मी हलवत गेले. शेवटी एकच कार्ड उरलं. अपेंडिक्स.

"परत हलवा," सर म्हणाले. "नीट हलवा."

परत तेच. सरांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "नानाला बोलवा. त्याचा या कार्डांवर विश्वास नाही."

नाना आले. बराच वेळ पोट दाबून बघत राहिले. एरवी क्षणात निकाल देणारा माणूस, पण टेबलावर त्यांचा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र होता. शेवटी म्हणाले, उघडतो.

अपेंडिक्सच निघालं, फुटायच्या बेतात आलेलं. सर सुखरूप घरी गेले, आणि आपला हात कसा कधी चुकत नाही हे नाना पुढे कित्येक वर्षं आम्हाला ऐकवत राहिले.

ऑपरेशनच्या आधी आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून हात धूत होतो, तेवढंच ते कधी सांगत नसत. तेव्हा नानांनी नळ मोठा केला, दाराकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "कार्ड कुठलं पडलं?"

मी सांगितलं.

"दोनदा हलवलं होतं ना?"

"हो."

"बरं झालं," नाना म्हणाले, आणि आत गेले.