पायडलवरची मखमल

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोठमोठ्याने हसत होतो, कारण चार लोकांना त्याचाच किस्सा सांगत होतो. पारनेरजवळच्या आमच्या गावच्या यात्रेतलं नाटक, मी महाराज, आणि ऐन दरबारात सिंहासनावर बसताना माझी विजार टर्रकन फाटली. आमचा शिंपी दत्तू विंगेतून सुईदोरा घेऊन सरळ रंगमंचावर आला, मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, तटाला भगदाड पडलंय. हुकूम असंल तर बुजवतो." आणि साऱ्या गावासमोर बुजवलं की! त्या दिवसापासून तो मला महाराजच म्हणायचा. किस्सा इथवर आला आणि फोन वाजला...

आता रडणं संपलंय. राग तेवढा उरलाय.

दत्तूच्या टाचेखाली काळा डाग होता. काटा मोडला असेल म्हणून घरच्यांनी त्यावर बिब्बा घातला. बिब्ब्याने कातडी काळी पडतेच, त्यामुळे डाग पसरत गेला तरी सगळे म्हणत राहिले, बिब्ब्याचाच आहे. टाच दुखायला लागली तेव्हा माझ्या राजवस्त्रातली उरलेली लाल मखमल त्याने शिलाई मशीनच्या पायडलवर चिकटवली. "महाराज, तुमच्या अंगरख्यावर पाय ठेवून पोट भरतो," असं वर मलाच ऐकवायचा. पुण्याला नेला तोवर कातडीचा कॅन्सर जांघेपर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, गाठीचा तुकडा काढलाय, त्याची जनुकीय चाचणी करू. ठरावीक बदल सापडला तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत, नाहीतर दुसरं औषध. एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. जरा थांबून समजावलं असतं तर काय बिघडलं असतं?

कारण जनुकीय म्हणजे घराण्याची चाचणी असं समजून दत्तूचे थोरले भाऊ आबा तिथेच अडून बसले. त्यांच्या मुलीचं लग्न श्रीरामपूरला ठरलं होतं. "घराण्याची तपासनी न्हाई करायची. आमच्या रक्तात खोट निघाली तर सोयरीक ऱ्हाईल का? लगीन होऊ द्या, मग बघू."

"आबा, तपासायची ती गाठ आहे, तुमचं घराणं नाही! तुमच्या आजोबांना कुणी काही विचारत नाही."

"तू नाटकात बोल."

मी दत्तूकडे पाहिलं. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही, पुतणीच त्याची लेक. तो म्हणाला, "पोरीचं होऊ द्या, महाराज. लई आशेनं बसलीय." आणि तिच्या लग्नाचा झंपर शिवायला बसला.

लग्न दणक्यात झालं. मग चाचणी झाली आणि तो बदल सापडला! गोळ्यांनी जांघेतली गाठ बघता बघता ओसरली. दत्तू जेवू लागला, मशीनवर बसू लागला, मला टोमणे मारू लागला... पण तोवर दुखणं मेंदूत शिरलं होतं. आधी गोळ्या मिळाल्या असत्या तर तो किती जगला असता, हे डॉक्टर सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. पण जे काही दिवस असते, ते त्याचे होते. ते मांडवात उधळायचा हक्क आबांना कुणी दिला?

दहाव्याला व्याही आबांना म्हणाले, "आमाला एकदा इचारायचं तरी! माझ्या बहिणीच्या गाठीची हीच तपासनी झाली. तिच्या लेकींची लग्नं अडली व्हय?" आबांनी व्याह्यांपुढे हात जोडले. मला वाटलं, माणूस शिकला.

कसला शिकतोय! पुतणीने काकाची आठवण म्हणून मशीन मागितलं. परवा दत्तूच्या दुकानात गेलो तर आबा सुरी घेऊन पायडलवरची मखमल खरवडायला बसलेले. म्हणाले, "घान दिसती. तिच्या सासरचे काय म्हनतील?"

यात्रेत शेवटच्या रांगेला ऐकू जायचा तो आवाज मी लावला. "आबा! सुरी खाली!"

त्यांनी ठेवली. मशीन मखमलीसकट श्रीरामपूरला गेलं. तिचे काठ अजून लालभडक आहेत. टाचेच्या जागी मात्र झिजून खालचं लोखंड दिसतं.