ज्वारीच्या पिठाच्या रंगाचं जॅकेट

आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी खाकी कपड्यांत गेली. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी सगळे गणवेश बोहारणीला देऊन टाकले आणि आईला त्याबदल्यात एक पातेलं मिळालं. पुढच्या महिन्यात दारात मोटरसायकल आली.

"आता कुटं जायचं ऱ्हायलंय?" आई म्हणाली. "सगळा जिल्हा तर हिंडून झालाय की तुमचा."

"हिंडलो, पन उतरलो कुटं? स्टँड आला की पानी प्यायचं आन डबल घंटी झाली की निघायचं. गावं सगळी काचंतनंच बगितली."

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते आणि आई-आप्पांकडेच राहते. भाऊ पुण्यात असतो. वडील या वयात गाडी चालवणार म्हटल्यावर त्यानं काळजीनं त्यांच्यासाठी रायडिंग जॅकेट पाठवलं. खांद्याला, कोपराला, पाठीला आतून पॅड असलेलं, चांगलं जाड आणि काळंभोर. लेकानं पाठवलेलं म्हणून आप्पांनी ते हिवाळाभर मिरवलं. दुकानात दूध आणायला जातानासुद्धा घालायचे.

मग एप्रिल आला. आईचं माहेर केमचं. मामीनं कुरडया केल्या होत्या, त्या आणायला आप्पा सकाळी निघाले. परत यायला त्यांनी भर दुपार केली. वाटेत त्यांना गरगरायला लागलं. हँडल हातात आहे की नाही तेच कळेना, तेव्हा त्यांनी गाडी एका बाभळीखाली घेतली. तिथं एक धनगर नवराबायको मेंढरं बसवून बसले होते. बाई उठली, आप्पांकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता त्यांच्या जॅकेटची चेन खाली ओढली.

"आजा, ह्ये काय घातलंय अंगात?" ती म्हणाली. "आमी काळ्या मेंढरालाबी ह्या वक्ताला उनात सोडत न्हाय."

तिनं कॅनमधलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, प्यायला दिलं आणि ऊन उतरेपर्यंत उठू दिलं नाही. आप्पांनी घरी येऊन ही गोष्ट हसत हसत सांगितली. आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते काळं जॅकेट गच्चीवर उन्हात टाकलं, शेजारी एक पांढरा टॉवेल अंथरला आणि जेवणं झाल्यावर आम्हा दोघांना वर बोलावलं.

"लावा हात," ती म्हणाली.

टॉवेल कोमट होता. जॅकेटवर हात ठेववेना. आप्पांनी बोटं झटकली.

"ह्ये असलंच, पन पांढऱ्यात मिळतं का बगा," आई म्हणाली. "न्हायतर गाडी इका."

रविवारी आम्ही तिघं बाजारात गेलो. दुकानदार मध्यमवयीन, बोलका माणूस होता, अर्धं मराठी आणि अर्धं दखनी बोलणारा. त्यानं सवयीनं काळी जॅकेटंच पुढे टाकली. आईनं फिकट रंगाचं मागितल्यावर तो म्हणाला, "चाची, फिका रंग नको. हमारे सोलापुर की धूल मालूम है ना? काला लेव, मैल दिखता नै. मळखाऊ रंग पायजे गाडीला."

"मळ दिसला तर धुता येतो," आई म्हणाली. "न दिसणारा मळ काय कामाचा?"

दुकानदारानं हसून मागच्या फडताळातून तीन-चार फिकी जॅकेटं काढली. मग आईनं साडी घेताना करते ते सगळं केलं. प्रत्येक जॅकेट दुकानाच्या ट्यूबलाइटखालून उचलून बाहेर उन्हात नेलं. पदराचं टोक पाण्यानं ओलं करून कापडाच्या आतल्या बाजूला घासलं, रंग सुटतो का बघितलं. एक झक्क पांढरं होतं, ते तिला आवडलं नाही. "ह्ये दवाखान्यातलं दिसतंय." एक पिवळट होतं, ते नवं असूनच जुनं वाटत होतं. शेवटी तिच्या हाताला लागलं ते करड्याकडे झुकणारं, उबदार पांढरं. ते उन्हात धरून ती माझ्याकडे वळली.

"ज्वारीच्या पिठासारखं हाय की नाही?"

होतं खरं. चाळून परातीत घेतलेल्या शाळू ज्वारीच्या पिठासारखं.

आप्पांनी मात्र रंगाकडे बघितलंच नाही. त्यांनी ते अंगात घातलं, चेन वर ओढली आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर जाऊन बसले. हँडल धरलं, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. उभं असताना मनगटापर्यंत येणारी बाही गाडीवर बसलं की वर सरकते, कोपराचा पॅड कोपरावर न राहता दंडावर चढतो, हे त्यांनी काळ्या जॅकेटवरून ओळखलं होतं. या नव्या जॅकेटचंही त्या मापात तसंच होत होतं. दुकानदारानं एक माप मोठं दिलं, तर खांदे उतरले. मग त्यानंच दंडावरचे आणि कमरेचे पट्टे आवळून दिले आणि पॅड जागेवर बसले. छातीला आणि पाठीला जाळीचं कापड होतं, वारा आरपार जाणारं, आणि खांदे-कोपर जाड विणीचे. आप्पा गाडीवरून उतरायलाच तयार नव्हते. आई म्हणाली, "उतरा आता, लोकं बगाय लागल्यात."

फिकट कपडा घरात आला की घराला काम लागतं. आप्पांचं आयुष्य डेपोत गेलेलं, त्यामुळे गाडी परत आली की धुवायची, ही त्यांची जुनी सवय. ती सगळी आता जॅकेटवर आली. संध्याकाळी आले की ते आधी जॅकेट खुंटीला अडकवायचे आणि ओल्या फडक्यानं पुसायचे. छातीवर मेलेले किडे, बाहीवर डांबराचा ठिपका, ट्रकच्या धुराची पाठीवर आलेली झाक. "आज बार्शी रोडनं गेलोतो," ते फडकं दाखवून सांगायचे. काळ्या रानातली धूळ आणि खडीच्या रस्त्याची धूळ त्यांना फडक्यावरून वेगळी ओळखू यायची. निदान ते तसं म्हणायचे.

धुण्याचे नियम आईनं घातले. आधी सगळे पॅड काढायचे. डाव्या-उजव्या पॅडांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिनं डाव्यांवर लाल दोऱ्याचा टाका घातला होता. चेनी लावून जॅकेट उलटं करायचं, बादलीत कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून भिजवायचं. कॉलरला तेलाचा काळा पट्टा येतो, तिथं मऊ ब्रश. आपटायचं नाही, पिळायचं नाही, मशीनला दाखवायचंसुद्धा नाही. शेजारच्या वहिनींनी ब्लीच सुचवलं, तर आई म्हणाली, "त्यानं पांढरं पिवळं पडतं आन पाठीवरची अंधारात चमकणारी पट्टी मरती." वाळवायचं ते जिन्याखालच्या सावलीत, रुंद हँगरवर. आप्पांना धीर निघायचा नाही. ते दर थोड्या वेळानं जाऊन बाही चाचपून यायचे.

पुढच्या हिवाळ्यात आप्पा उजनीच्या काठच्या एका गावी गेले. तिथं त्यांच्याबरोबर बरीच वर्षं गाडीवर असलेले कंडक्टर राहतात. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसे आमच्या घरी त्यांना अजून मास्तरच म्हणतात. धरणाच्या पाण्याला लागून त्यांची केळीची बाग आहे. दोघांनी पहाटे पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी बघितले, भाकरी खाल्ली, आणि निघताना मास्तरांनी एक घड कापून दिला. आप्पांनी तो खांद्यावर घेऊन बांधावरून गाडीपर्यंत आणला.

केळीचा चीक आधी पाण्यासारखा असतो, दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरच्या जॅकेटच्या उजव्या खांद्यावरून छातीपर्यंत तपकिरी ओघळ उमटलेले होते.

आईनं लिंबू आणि मीठ लावलं. रॉकेल कुठून तरी मिळवलं. आंबट ताक लावून बघितलं. डाग काळपट तपकिरीवरून चहाच्या रंगावर आले आणि तिथंच थांबले. आप्पा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते.

"ऱ्हाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "केळीचा डाग केळीच्या जन्माला गेल्याशिवाय जात न्हाय."

त्यांनी ते जॅकेट कपाटात ठेवलं. नंतरचे बरेच दिवस ते गाडी घेऊन फक्त कोपऱ्यापर्यंत जायचे, जुना फुलशर्ट घालून. कुणी विचारलं तर म्हणायचे थंडी आहे. मला त्यांचं वाईट वाटायचं, पण कापडावरच्या डागासाठी साठीला आलेल्या माणसाची समजूत कशी काढायची ते कळेना.

समजूत मास्तरांनीच काढली. ते नातीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी सोलापूरला आले होते, संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आले. जॅकेटचं कळल्यावर त्यांनी ते कपाटातून काढायला लावलं. मग स्वतःच्या सदऱ्याची बटणं सोडून आतला बनियन दाखवला. तो खांद्यापासून कमरेपर्यंत तसल्याच तपकिरी नकाशानं भरलेला होता.

"डायवर, बस्त्याला आलोय म्हनून वरनं इस्त्रीचा सदरा हाय," मास्तर म्हणाले. "आमच्या गावात डाग नसलेल्या मानसाला कुनी कामाला बोलवत न्हाय. तुमी आता आमच्यातलं झाला."

आप्पा हसले. मास्तर गेल्यावर आईनं जॅकेट परत कपाटात जाऊ दिलं नाही, खुंटीला अडकवलं. "एवढे दिवस डाग पडंल म्हनून भ्या होतं," ती म्हणाली. "आता पडला न्हवं. घाला की निवांत."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा लांब जाऊ लागले.

गळीत हंगाम भरात असताना ते श्रीपूरकडे गेले होते. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, बैलगाड्या आणि रस्ताभर सांडलेलं पाचट. दिवस मावळतीला आला होता. एका वळणावर चाक पाचटावरून घसरलं आणि आप्पा उजव्या अंगावर पडले. वेग नव्हता, पण मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्यानं लांबूनच ब्रेक मारला. बैलगाडीवरून उतरलेल्या एका ऊसतोडणीच्या बाईनं त्यांना हाताला धरून उठवलं, गाडी कडेला लावली. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "काका, पांढरं कायतरी रस्त्यात पडलेलं दिसलं म्हनून थांबलो. पोतं वाटलं मला."

हे सगळं आम्हाला त्या दिवशी समजलं नाही. आप्पा घरी आले, जेवले, झोपले. सकाळी आई धुण्यासाठी जॅकेटातले पॅड काढायला बसली, तर उजव्या कोपराची बाही फाटली होती आणि आतल्या पॅडला तडा गेला होता. तिनं तो पॅड आप्पांसमोर ठेवला.

"ह्ये काय?"

आप्पांनी आधी बाही वर करून कोपर दाखवलं. नुसतं लाल झालं होतं. मग सगळं सांगितलं, पोत्यासकट. आई ऐकत होती. मी वाट बघत होते की आता ती गाडीची किल्ली मागणार. तिनं तो तडकलेला पॅड बोटांनी दाबून बघितला, एकदा, दोनदा.

"नवा बसवून आना," ती म्हणाली. "बाही मी शिवती." मग बऱ्याच वेळानं, पीठ मळता मळता तिनं मला सांगितलं, "रविवारी त्या दुकानात जाऊ. मलाबी एक जाकीट घ्यायचं."

तिच्या मापाचं फिकं जॅकेट मिळवायला दुकानदाराला आठवडा लागला. साडीवर ते घालून, हेल्मेट लावून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा मला हसू येत होतं आणि ते तिला दिसत होतं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. पहिल्यांदा ती दोघं केमला गेली. मामीनं आणि गल्लीतल्या बायकांनी म्हणे जॅकेटाच्या जाळीत बोटं घालून बघितली आणि एकीनं ते घालून अंगणात फेरीही मारली.

संध्याकाळी परत आल्यावर मी आईला विचारलं, कसं वाटलं. ती पायरीवर बसून हेल्मेटखाली चपटा झालेला अंबाडा सोडत होती.

"यांच्या गाडीतनं लई फिरली मी," ती म्हणाली. "पुढच्याच शिटावर बसायची. पन डोक्यावर पाटी असायची, चालकाशी बोलू नये. सगळा रस्ता गप. आज जाताना केमपातूर बोलत गेली."

आप्पा गाडी स्टँडवर लावत होते. "मला हेल्मेटातनं काय बी ऐकू आलं न्हाय," ते म्हणाले.

"येताना परत सांगितलं की सगळं," आई म्हणाली.