समोरच्या गच्चीवरचा टॉवर

इस्त्री अशी कडक करायचा की गल्लीत सगळे त्याला कडकरावच म्हणत. पूर्वी तो रस्त्याकडेच्या उघड्या टपरीत उभा असायचा. टपरी हटवली, तेव्हा धंदा घरात आला. घर म्हणजे एक खोली: पुढे टेबल, मागे पलंग, मध्ये निखाऱ्यांची शेगडी. विजेच्या इस्त्रीचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. कोळशाच्या जड इस्त्रीत त्याचा जीव होता.

थंडी पडली, खिडकी बंद झाली, आणि त्याच सुमारास समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. बायको पलंगावर बसून गिऱ्हाइकांची बटणं लावायची. तिचं डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं, कान वाजू लागले. बहिणीकडे चार दिवस राहून ती टवटवीत होऊन परतली, तेव्हा कडकरावाची खात्रीच पटली. बहिणीच्या घरासमोर टॉवर नव्हता. तिच्या घरात शेगडीही नव्हती, पण तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी शेगडीचंच विचारलं. निखाऱ्यांच्या वायूला ना रंग ना वास, बंद खोलीत तो झोपेतच माणसाचा जीव घेतो, वर गालांवर लाली ठेवून. शेगडी बाहेर ठेवा, असं त्यांनी बजावलं. कडकरावाला ते फार लागलं. ज्या इस्त्रीवर मुलीचं लग्न केलं, तिच्यावरच आळ? घरी येताना त्यानं टॉवरच्या लहरी अडवायला चंदेरी कागदाची गुंडाळी आणली आणि खिडकीची फट न् फट बुजवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या चादरींचा ढीग आला. त्यानं शेगडी काठोकाठ भरली. दुपारी बायकोनं सुई खाली ठेवली.

"अहो, खिडकी जरा उघडता का? डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"उघडली की टॉवरचं सगळं आत येईल. पड तू जरा."

ती पडली. त्याचंही डोकं भणभणत होतं, पाय जड झाले होते. राहिलेल्या चादरींसाठी त्यानं आणखी कोळसे घातले. मग वळून पाहिलं. तिला गाढ झोप लागली होती. कित्येक दिवसांत इतकी शांत ती झोपली नव्हती, आणि गालांवर चक्क लाली आली होती. कागद लागू पडला म्हणायचा. त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

तिची झोप मोडू नये म्हणून त्यानं इस्त्री अगदी हलकेच टेकवली आणि किलकिलं राहिलेलं दारही आतून लोटून घेतलं.